सीमापार नदीसंवर्धन आणि राष्ट्रांचे सहकार्य : ऱ्हाईन नदीचा अनुभव

प्रास्ताविक

नदी राजकीय सीमा मानीत नाही, हे वाक्य पर्यावरणविषयक लेखनात वारंवार येते. ते खरे असले तरी अपुरे आहे. नदी सीमा मानीत नसली तरी नदीकाठची राष्ट्रे ती पुरेपूर मानतात आणि सीमापार सहकार्याचा प्रश्न नेमका येथेच उद्भवतो. दोन देशांच्या सामाईक सरोवरात घाण सोडली, तर तिचा उपद्रव सोडणाऱ्यालाही होतो. नदीचे तसे नसते. वरच्या अंगाच्या देशाने सोडलेले सांडपाणी काही दिवसांत त्याच्या नजरेआड होते. त्याच्या शुद्धीकरणाचा खर्च वरच्या देशाने सोसायचा आणि लाभ मात्र खालच्या देशाने घ्यायचा, अशी ही विषम रचना असते. मग वरच्या देशाने सहकार्य करावेच का?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ऱ्हाईन नदीच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. १९७० च्या सुमारास जिची ‘युरोपचे गटार’ अशी संभावना होत असे, त्या नदीत सॅल्मन मासा पुन्हा दिसू लागला, ही गोष्ट पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. तथापि हे यश कोणत्या मार्गाने आले, याविषयीची रूढ समजूत आणि प्रत्यक्ष इतिहास यांत बरेच अंतर आहे. काटेकोर आकडे घालून केलेला, कायद्याने बंधनकारक असा करार या नदीवर दीर्घकाळ निष्प्रभ राहिला. उलट ज्याला कराराचा दर्जाही नव्हता, असा एक कार्यक्रम ठरलेल्या मुदतीत बव्हंशी फलद्रूप झाला. या विसंगतीची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नदी आणि तिच्या काठची राष्ट्रे

स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावणारी ऱ्हाईन कॉन्स्टन्स सरोवरातून बाहेर पडते, बाझल शहराजवळ उत्तरेकडे वळते, काही अंतर फ्रान्स व जर्मनी यांची सीमा होऊन वाहते आणि जर्मनीचा औद्योगिक पट्टा ओलांडून नेदरलँड्समध्ये उत्तर समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १,२३० किलोमीटर आहे. (अनेक संदर्भग्रंथांत ती दीर्घकाळ १,३२० किलोमीटर अशी छापली जात होती. अंकांची ही अदलाबदल २०१० मध्ये एका जर्मन अभ्यासकाने निदर्शनास आणली. ज्या नदीचे पाणी लिटरमागे मिलिग्रॅमपर्यंत मोजले जाते तिच्या लांबीतच चूक असावी, हे गमतीचे खरे.) तिचे खोरे नऊ देशांत पसरलेले असून त्यात सुमारे ६ कोटी लोक राहतात. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना पिण्याचे पाणी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे याच नदीतून मिळते.

बाझलचे रासायनिक कारखाने, अल्सास प्रांतातील पोटॅशच्या खाणी, लुडविग्जहाफेन व लेव्हरकुझेन येथील रसायननगरी, रूर खोऱ्यातील कोळसा व पोलाद आणि अखेरीस रॉटरडॅम बंदर, अशी उद्योगांची एक माळच या नदीच्या काठी आहे. त्या माळेच्या शेवटच्या टोकाला नेदरलँड्स आहे. त्यामुळे प्रदूषणाविरुद्धचा पहिला आवाज त्याच देशाने उठविला, यात नवल नाही.

सहकार्याची परंपरा मात्र या नदीवर जुनी आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने ऱ्हाईनवरील जलवाहतुकीसाठी आयोग स्थापण्याचा निर्णय घेतला आणि १८६८ च्या मानहाइम करारान्वये त्याची रचना पक्की झाली. जलवाहतुकीत प्रत्येक काठाचा स्वार्थ होता. बाझलच्या व्यापाऱ्याला समुद्र हवा होता आणि रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला बाझलची बाजारपेठ. म्हणून ते सहकार्य टिकले. १८८५ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स व स्वित्झर्लंड यांनी सॅल्मन मासेमारीच्या नियमनाचाही करार केला. परंतु तोवर नदी सरळ करण्याची कामे झाली होती, पुढे धरणे आली, त्यात कारखान्यांच्या सांडपाण्याची भर पडली आणि १९५० च्या दशकाअखेर सॅल्मन ऱ्हाईनमधून नाहीसा झाला. करार मासे पकडण्याविषयी होता. मासा ज्या पाण्यात जगतो त्या पाण्याविषयी त्यात काही नव्हते.

मिठाचा तंटा

नेदरलँड्सच्या पुढाकाराने ११ जुलै १९५० रोजी स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स यांनी ऱ्हाईनच्या प्रदूषणाविरुद्ध आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला. १९६३ च्या बर्न करारामुळे त्याला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. त्याचे कार्यालय जर्मनीतील कोब्लेन्झ येथे आहे आणि त्याचा प्रमुख अधिकारी डच असावा, असा प्रघात आहे. नदीच्या अखेरच्या टोकाला राहणाऱ्यालाच नदीची सर्वाधिक काळजी असते, या साध्या अनुभवाची ही संस्थात्मक दखल म्हणता येईल. पहिली वीस वर्षे आयोगाने प्रामुख्याने मोजमापाचे काम केले. पाण्याचा नमुना कोठे घ्यावा, कसा तपासावा, कोणत्या पद्धतीचा निष्कर्ष ग्राह्य धरावा, यावर एकमत होण्यातच बराच काळ गेला. या काळाला निष्फळ म्हणण्याची प्रथा आहे. ती अन्यायकारक वाटते. समोरच्याचा आकडाच मान्य नसेल, तर पुढची कोणतीही वाटाघाट संभवत नाही.

१९७१ मध्ये नदीची पातळी खालावली, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू घटला आणि प्रश्न मंत्रिपातळीवर गेला. १९७२ पासून मंत्र्यांच्या परिषदा सुरू झाल्या. त्यांतून ३ डिसेंबर १९७६ रोजी बॉन येथे दोन करार झाले. एक रासायनिक प्रदूषणाविषयी आणि दुसरा क्लोराइडविषयी, म्हणजे मिठाविषयी. येथे दुसऱ्याचा विचार अधिक उद्बोधक ठरेल.

अल्सासच्या खाणींतून निघणाऱ्या खनिजात पोटॅश थोडे व साधे मीठ फार असे. पोटॅश वेगळे काढले की उरलेले मीठ पाण्यात विरघळवून नदीत सोडले जाई. नदीतील एकूण क्लोराइडपैकी सुमारे एकतृतीयांश भार एकट्या या खाणींचा होता. बाकीच्यात जर्मनीतील कोळसा खाणींतून उपसलेल्या खाऱ्या पाण्याचाही वाटा होता. डच रोपवाटिका व हरितगृहे याच पाण्यावर चालत. समुद्रसपाटीखालच्या त्या भूमीत खारटपणाशी झुंज आधीपासूनच होती. त्यात नदीनेच मीठ आणून टाकावे, हे तेथील बागायतदारांना असह्य होणे स्वाभाविक होते.

करारातील तरतुदी अगदी स्पष्ट होत्या. खाणींनी सेकंदाला ६० किलोग्रॅम क्लोराइड कमी सोडावे. त्यांपैकी पहिला २० किलोग्रॅमचा टप्पा अल्सासच्या भूगर्भात खारे पाणी मुरवून गाठावा. आणि त्यासाठी लागणाऱ्या १३ कोटी २० लाख फ्रँकपैकी फ्रान्सने ३०, जर्मनीने ३०, नेदरलँड्सने ३४ व स्वित्झर्लंडने ६ टक्के रक्कम द्यावी. या टक्केवारीकडे लक्ष दिले पाहिजे. खाण फ्रान्सच्या सरकारी मालकीची, नुकसान नेदरलँड्सचे आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटाही नेदरलँड्सचाच. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व युरोपातील राष्ट्रांनी १९७० च्या दशकातच स्वीकारले होते. तथापि व्यवहारात शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या गुरांना आपल्या शेतापासून दूर ठेवण्यासाठी स्वतःच कुंपण घालावे, तसा हा प्रकार झाला. डच शासनाने तो पत्करला, कारण दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता.

इतके करूनही करार अडला. खारे पाणी जमिनीत मुरविल्यास भूजल बिघडेल, या भीतीने अल्सासच्या लोकांनी विरोध केला. १९७९ च्या अखेरीस फ्रेंच शासनाने अनुसमर्थनाचे विधेयक संसदेतून मागे घेतले. नेदरलँड्सने निषेधार्थ पॅरिसमधील आपला राजदूत परत बोलावला. मित्रराष्ट्रांमध्ये मिठावरून राजदूत परत बोलावला जावा, ही घटना बंधनकारक करारांच्या मर्यादेबद्दल बरेच काही सांगून जाते. करार अखेर १९८५ मध्ये अमलात आला. १९९१ च्या पूरक करारान्वये भूगर्भात मीठ मुरविण्याचा नाद सोडण्यात आला. जर्मन-डच सीमेवर क्लोराइडचे प्रमाण लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर जाईल तेव्हा खाणींनी मीठ जमिनीवर साठवून ठेवावे, एवढेच ठरले. याच पूरक कराराने नेदरलँड्सलाही आपल्या विरिंगरमेअर भागातील खारे पाणी वेगळ्या मार्गाने समुद्रात सोडणे भाग पाडले. नुकसान सोसणारा देशही सर्वस्वी निर्दोष नव्हता. पुढे २००२ मध्ये अल्सासमधील पोटॅश उत्पादन थांबले आणि मिठाचा तो स्रोत आटला. म्हणजे जे काम कराराने पंचवीस वर्षांत पुरते केले नाही, ते खाणीतील खनिज संपत आल्याने झाले.

तंटा तेवढ्यानेही मिटला नाही. दिलेल्या रकमांच्या हिशेबावरून नेदरलँड्स व फ्रान्स लवादापुढे गेले. १२ मार्च २००४ च्या निवाड्यात लवादाने नमूद केले की, प्रदूषकाने भरपाई करण्याचे तत्त्व काही करारांत महत्त्वाचे असले, तरी ते सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग नाही. पाठ्यपुस्तकांत हे तत्त्व सार्वत्रिक नियम म्हणून शिकविले जाते, म्हणून या निवाड्याची नोंद येथे मुद्दाम केली आहे.

न्यायालयाची वाट

शासने परस्परांशी वाटाघाटी करीत असताना नागरिकांनी वेगळी वाट धरली. बिअर नावाच्या एका डच रोपवाटिका कंपनीने एका पर्यावरण संस्थेच्या साथीने अल्सासच्या खाणीवर रॉटरडॅमच्या न्यायालयात दावा लावला. फ्रान्समध्ये घडलेल्या कृत्याबद्दल डच न्यायालयात दाद मागता येईल काय, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला. ३० नोव्हेंबर १९७६ रोजी, म्हणजे बॉन करारावर सह्या होण्याच्या तीनच दिवस आधी, त्या न्यायालयाने निर्णय दिला की नुकसान जेथे घडले तेथे किंवा नुकसानीचे कारण जेथे घडले तेथे, दोहोंपैकी कोठेही वादीला दावा लावता येतो. डच न्यायालयांनी पुढे खाणीला जबाबदार धरले.

या निर्णयाचा उपयोग मिठापुरता राहिला नाही. रॉटरडॅम बंदरातून दरवर्षी उपसला जाणारा गाळ जड धातूंनी इतका दूषित झालेला असे की तो समुद्रात टाकता येत नसे. बंदराच्या प्रशासनाने १९८४ पासून संशोधनाचा एक मोठा प्रकल्प हाती घेतला. नदीच्या वरच्या अंगाला जाऊन कोणत्या कारखान्याच्या कोणत्या नळातून काय बाहेर पडते, याचा माग काढण्यात आला. मग त्या कारखान्यांशी बोलणी सुरू झाली. प्रमाण ठरावीक मुदतीत कमी करा, अन्यथा गाळाच्या विल्हेवाटीचा खर्च न्यायालयातून वसूल करू, असे त्यांना सुचविण्यात आले. अनेकांनी लेखी हमी दिली. १९९१ मध्ये जर्मन रासायनिक उद्योगांच्या संघटनेशीही समझोता झाला. दावा प्रत्यक्ष लावण्याची वेळ फारशी आली नाही. परराष्ट्र मंत्रालयांना जे जमले नव्हते ते एका बंदराने प्रयोगशाळा व वकील यांच्या साहाय्याने साधले.

१ नोव्हेंबर १९८६ आणि त्यानंतर

बाझलजवळील श्वाइझरहाले येथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला १ नोव्हेंबर १९८६ रोजी पहाटे आग लागली. गोदामात १,३०० टनांहून अधिक रसायने, त्यांत प्रामुख्याने कीटकनाशके, साठविलेली होती. आग विझविण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी अडविण्यासाठी तेथे पुरेसा हौद नव्हता. ते रसायनांसह नदीत गेले. एका रंगद्रव्यामुळे पाणी लाल झाले आणि सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत वाम जातीचे मासे मेले. त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात होती. खालच्या अंगाच्या देशांना इशारा मिळण्यास विलंब झाला. त्यानंतरच्या काही दिवसांत लोकांची व तपासनिसांची नजर नदीकडे लागलेली असल्यामुळे इतर कारखान्यांतूनही रसायने सांडल्याचे उघडकीस आले. एरवी ती कोणाच्या लक्षातही आली नसती.

येथे रचनेतील विषमता प्रथमच ढळली. आतापर्यंत ऱ्हाईनचे दुखणे हे डच लोकांचे दुखणे होते. या वेळी बाझलचे नागरिक पहाटे भोंग्यांनी जागे झाले व दारे-खिडक्या बंद करून बसले. वरच्या टोकाचा माणूसही संकटात सापडला. मंत्र्यांच्या परिषदा लागोपाठ भरल्या आणि १ ऑक्टोबर १९८७ रोजी स्ट्रासबुर्ग येथे ‘ऱ्हाईन कृती कार्यक्रम’ संमत झाला.

हा कार्यक्रम म्हणजे करार नव्हता. त्याला अनुसमर्थन नको होते. तो मोडल्यास कोणतीही शिक्षा नव्हती. त्यात ठरविलेली उद्दिष्टे मोजकी होती. इ. स. २००० पर्यंत सॅल्मनसारखे मासे नदीत परतावेत. नदीचे पाणी साध्या शुद्धीकरणाने पिण्याजोगे व्हावे. गाळ निर्धोक व्हावा. पुढे त्यात उत्तर समुद्राच्या रक्षणाची भर पडली. निवडक घातक द्रव्यांचे प्रमाण १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणावे, असे ठरले. प्रत्यक्षात बहुसंख्य द्रव्यांबाबत ही घट ठरविल्यापेक्षाही अधिक झाली. सॅल्मनला उद्दिष्टाचे प्रतीक करण्याच्या कल्पनेचा पुरस्कार तत्कालीन डच मंत्री नेली क्रूस यांनी केला होता. सामान्य नागरिकाला लिटरमागे मिलिग्रॅमचा अर्थ लागत नाही. मासा आला की नाही, हे त्याला कळते. शिवाय सॅल्मन समुद्रातून उगमाकडे जातो. म्हणून तो परतायचा तर नदी टोकापासून टोकापर्यंत सर्वच देशांनी सुधारावी लागते. एका देशाने आपला भाग स्वच्छ करून भागत नाही, हे या निवडीतच अंतर्भूत होते.

बंधन नसलेला कार्यक्रम का फळला?

काही अभ्यासक यावरून असा निष्कर्ष काढतात की सैल समझोते कडक करारांपेक्षा श्रेष्ठ असतात. त्यात तथ्याचा अंश आहे. बंधनकारक आकड्यावर सही करताना प्रत्येक शासन आधी आपल्याला पकडले जाण्याचा धोका मोजते, म्हणून ते आकडा शक्य तितका सौम्य ठेवते किंवा खर्चाच्या वाटणीवर अडून बसते. उलट, राजकीय स्वरूपाच्या वचनात महत्त्वाकांक्षी उद्दिष्ट ठेवण्यास ते धजावते. शिवाय, खर्चाची वाटणी या कार्यक्रमात नव्हतीच; प्रत्येकाने आपल्या हद्दीतील काम आपल्या पैशाने करायचे होते. मिठाच्या कराराला जडलेले दुखणे त्यामुळे टळले.

परंतु हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कार्यक्रम सैल होता, त्याच्या भोवतालची व्यवस्था मात्र सैल नव्हती. प्रत्येक देशात सांडपाण्याविषयीचे कडक कायदे होते, युरोपीय समुदायाचे निर्देश होते, रॉटरडॅमच्या वकिलांच्या नोटिसा होत्या आणि आयोगाने तीस-पस्तीस वर्षे जमविलेले, सर्वांना मान्य असे आकडे होते. सांडपाणी शुद्धीकरणासाठी प्रचंड पैसा ओतण्याची या देशांची ऐपत होती, हेही विसरता येत नाही. वचनाच्या मागे कायदा, न्यायालय आणि मोजमाप हे तिघे उभे होते, म्हणून वचन पाळले गेले. त्यांतील मोजमाप सर्वांत दुर्लक्षित, पण बहुधा सर्वांत महत्त्वाचे. बाझलच्या खाली वाइल अम ऱ्हाईन येथे १९९३ पासून जर्मनी व स्वित्झर्लंड यांचे संयुक्त तपासणी केंद्र चालते. डच सीमेवर बिमेन व लोबिथ येथे जर्मन व डच यंत्रणा एकत्र काम करतात. एकाच प्रयोगशाळेतून दोन देशांना एकच आकडा मिळाला की निम्मा वाद संपतो.

भारतीय वाचकाला येथे एक भेद जाणवेल. १९६० चा सिंधू जल करार असो वा १२ डिसेंबर १९९६ रोजी ३० वर्षांसाठी झालेला भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार असो, या करारांचा भर पाण्याच्या वाटणीवर आहे. सिंधू करारात अवाजवी प्रदूषण टाळण्याचा इरादा एका कलमात व्यक्त केलेला आहे, तथापि कराराचा गाभा नद्यांच्या विभागणीचाच होता. आणि भारताने एप्रिल २०२५ मध्ये तो स्थगित ठेवला, तेव्हा झालेली चर्चाही पाणी अडविणे वा सोडणे एवढ्यापुरतीच राहिली. देशांतर्गत कृष्णा खोऱ्याच्या वादातही महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी लवादापुढे मांडलेला हिशेब अब्ज घनफुटांचा होता. पाणी किती यावर भांडणारी राज्ये पाणी कसे यावर क्वचितच बोलतात. अर्थात ऱ्हाईनला बारमाही हिम व पाऊस यांचा आधार आहे. दुष्काळी खोऱ्यांना तिची पद्धत जशीच्या तशी लागू करणे भाबडेपणाचे होईल.

अपुरे राहिलेले काम

१९९० मध्ये ऱ्हाईनच्या झीग या उपनदीत समुद्रातून परतलेला सॅल्मन आढळला. १९९३ व १९९५ च्या महापुरांनंतर (दुसऱ्या पुरात नेदरलँड्समधील सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले) पूर हाही आयोगाचा विषय झाला आणि १९९९ च्या नव्या बर्न कराराने नदी, तिचे काठ व पूरमैदाने यांचा एकत्रित विचार मान्य केला. २००८ मध्ये बाझल येथे एका गळकऱ्याच्या गळाला सॅल्मन लागला. मात्र २०२० पर्यंत तो मासा बाझलपर्यंत निर्वेध पोहोचावा, हे उद्दिष्ट साधले नाही. पाणी स्वच्छ झाले, पण वाट अडलेली राहिली. वरच्या ऱ्हाईनवरील जलविद्युत धरणांतून मासे चढून जाण्यासाठी मार्ग बांधावे लागतात. इफेझहाइम येथे तो २००० मध्ये, गाम्ब्सहाइम येथे २००६ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे २०१६ मध्ये आणि गेर्स्टहाइम येथे २०१९ मध्ये सुरू झाला. त्यापुढे ऱ्हिनाऊ, मार्कोल्सहाइम व फोगेलग्रुन ही धरणे आहेत आणि तेथील कामाच्या खर्चावरून व वेळापत्रकावरून बैठकींमागून बैठका झाल्या. खालच्या टोकालाही अडथळा होताच. समुद्राच्या भरतीपासून संरक्षण म्हणून १९७० मध्ये पूर्ण केलेली हारिंगफ्लीटची दारे नेदरलँड्सने नोव्हेंबर २०१८ पासून माशांसाठी किलकिली ठेवण्यास आरंभ केला. दारे उघडली की खारे पाणी आत येते, म्हणून डच शेतकऱ्यांचा व पाणीपुरवठा संस्थांचा त्याला विरोध होता. शासनाने आधी त्यांच्यासाठी गोड्या पाण्याचे उपसा-मार्ग आतल्या बाजूस हलविले आणि मगच दारे उघडली. चाळीस वर्षांपूर्वी अल्सासकडून येणाऱ्या मिठाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या देशाला वरच्या देशांच्या माशासाठी आपल्या दारात मीठ येऊ द्यावे लागले.

फेब्रुवारी २०२० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या मंत्रिपरिषदेने ‘ऱ्हाईन २०४०’ हा पुढील कार्यक्रम स्वीकारला. त्यात औषधे, कीटकनाशके व औद्योगिक रसायने यांचे पाण्यातील सूक्ष्म अवशेष २०४० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी घटविण्याचे ठरले आहे. हे अवशेष बाझलपासून रॉटरडॅमपर्यंतच्या प्रत्येक घरातील न्हाणीघरातून नदीत येतात. त्यांचा माग एखाद्या खाणीपर्यंत वा गोदामापर्यंत नेता येत नाही आणि त्यासाठी दावा कोणावर लावावा, याचे उत्तर बिअर खटल्यात सापडत नाही.